शंकूची उंची

४ जुलै

चि. जावईबापू,

आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण आमचं घर दोन खोल्यांचं. तुमचं नाव निघालं की लेक उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि दुसरी खोली म्हणजे पडद्यापलीकडे. शाळेचा ईमेल मुख्याध्यापक उघडतात आणि मोठ्याने वाचतात. तेव्हा म्हटलं, पोस्टाचं तिकीट मिळतंय तोवर पत्रच बरं. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

कारण कामाचं आहे. तुमच्या कंपनीचे टॅब आमच्या शाळेत आले. खोक्यावरचं नाव वाचून मी गप्प बसले. हे आमच्या जावयाचं काम असं सांगितलं असतं, तर उद्यापासून प्रत्येक बिघाडाला मलाच बोलावणं आलं असतं. मुख्याध्यापकांना ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणता येत नाही. ते ‘अगडबंब रिॲलिटी’ म्हणतात, आणि आता सगळी शाळा तेच म्हणते.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. निवृत्तीआधीचं हे शेवटचं वर्ष. इतकी वर्षं मी घन शिकवला तो खोक्यावर आणि शंकू शिकवला तो जाड कागद गुंडाळून. फळ्यावर घन काढला की मागची कड तुटक रेषेने दाखवायची आणि ‘ही दिसत नाही, पण आहे’ असं सांगायचं. मुलं माना हलवतात, निम्म्यांना काही पटत नाही. तुमचा टॅब डोळ्यांपुढे धरला तर आमचाच वर्ग दिसतो, तीच बाकं, तीच खिडकी, आणि मध्ये हवेत घन उभा. त्याच्याभोवती फिरलं की मागची कड समोर येते. पहिल्या दिवशी एक मुलगी घनाला वळसा घालून आली आणि मला म्हणाली, “बाई, तुम्ही खोटं सांगत नव्हता.” उभ्या नोकरीत असं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं.

आता तक्रार. तुमच्या आकृत्या फार खाली उभ्या राहतात. मुलांना वाकावं लागतं, उंच मुलं तर गुडघेच टेकतात. दारातून बघणाऱ्याला वाटतं, कुणाचं तरी काहीतरी हरवलंय आणि सगळा वर्ग शोधतोय. तेवढं जरा वर घ्या. तुम्हाला ते एका बटणाचं काम असेल.

लेक बरी आहे. बरी म्हणजे जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. आपली ठिपकी, माझी एवढीशी नात, गेली त्याला तीन वर्षं होऊन गेली, आणि लेक बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली त्यालाही आता वर्ष उलटलं. तुम्ही विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

तुमची,
सासूबाई


१७ जुलै

ती. आई,

नमस्कार. पत्र पोहोचलं. ऑफिसात हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट सहसा येत नाही. स्वागतकक्षातली मुलगी ते दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलापर्यंत घेऊन आली.

उंचीचं म्हणाल तर ते दिसतं तितकं सोपं नाही. कॅमेरा आधी जमीन ओळखतो, मग जमिनीपासून आकृती किती वर ठेवायची ते ठरतं. प्रत्येक शाळेची फरशी वेगळी, उजेड वेगळा. फरशी चकचकीत असली की अंदाज चुकतो. एका ठिकाणी सुधारायला जावं तर दुसरीकडे आकृती छताला जाऊन टेकते. पुढच्या आवृत्तीत बघू, असं सध्या ठरलं आहे. तोवर मुलांना थोडं मागे उभं करून पाहा. मागे सरकलं की कमी वाकावं लागतं.

शंकूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. तो मुलांना आवडला का? टोकाच्या बरोबर वरून बघितलं तर शंकू नुसता गोल दिसतो, हे कुणाच्या लक्षात आलं का?

माझं ठीक चाललं आहे. जेवण बाहेरून येतं. रोज एकाच चवीचं असतं, त्यामुळे आज काय असेल हा प्रश्न पडत नाही. घर आवरलेलं आहे. एकटा माणूस पसरून पसरणार किती.

तिचा जाड कोट इथेच कपाटात आहे. थंडीच्या आधी पाठवावा असं मनात आहे. पण पाठवला तर मी तिचं सामान घराबाहेर काढतोय असं तिला वाटेल का? तुम्ही सांगाल तसं करतो.

तुमचा,
जावई


२ सप्टेंबर

चि. जावईबापू,

कोट पाठवू नका. थंडी वाजली की मागेल.

शंकू आवडला. एकाने त्याच्या टोकावर बोट ठेवलं आणि टोचलं म्हणून ओरडला. मग सगळ्यांनाच टोचायला लागलं. वरून गोल दिसतो हेही कळलं, कारण तुमचा शंकू इतका खाली आहे की आमची मुलं त्याच्याकडे वरूनच बघतात.

आता फरशीबद्दल. अंदाज चुकतो म्हणालात, पण चुकीलाही चुकीसारखं वागावं लागतं. आमच्याकडे वर्गात, व्हरांड्यात, मैदानात, जिथे बघावं तिथे आकृती नेमकी त्याच उंचीवर उभी राहते. मी मोठी पट्टी घेऊन पाहिलं. रोज सारखीच होते ती चूक नसते, कुणीतरी ठरवून केलेली गोष्ट असते, हे मी मुलांच्या वह्या तपासून शिकले आहे.

मग मी तुमच्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलणारी. म्हणाली, उंची बदलणं चुटकीसरशी होईल, पण आमच्या सरांची सूचना आहे, तेवढं सोडून काहीही सांगा. मी विचारलं, सर कोण? तिने तुमचंच नाव घेतलं.

सासूला टोलवणारे जावई मी पुष्कळ पाहिले आहेत. फरशीच्या नावाने टोलवणारा पहिलाच.

आता स्पष्ट लिहिते, राग मानू नका. लेक तुमच्याबद्दल फार बोलत नाही. बोलते ते एकच वाक्य, “त्याचं काम थांबलं नाही.” आठवडा होतो न होतो तोच तुम्ही ऑफिसला गेलात, आणि पुढे घरी यायचात ते झोपायला. ती ठिपकीचे कपडे मांडीवर घेऊन बसायची आणि तुम्ही टॅब घेऊन. मी तेव्हा तुमची बाजू घेतली. म्हटलं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, त्याच्याही आत काही असेलच की. आता माझीच मला शंका येते. तुम्ही बनवलंत ते चांगलं आहे, रोज डोळ्यांनी बघते. पण त्यात असं आहे तरी काय, की घरातलं माणूस उठून गेलं तरी तुम्ही हलला नाहीत, आणि आता पोरं वाकताहेत तरी हलत नाही?

सासूबाई


२१ सप्टेंबर

ती. आई,

रागावलात ते बरोबरच आहे. फरशीचं खोटं होतं.

ती उंची ठिपकीची आहे.

तेव्हा हे काम नुकतंच सुरू झालं होतं. आकृत्या मी स्वतःच्या डोळ्यांच्या अंदाजाने ठेवत होतो, मोठ्या माणसाच्या. एका सुट्टीच्या दिवशी टॅब घरी आणला आणि तिच्या हातात दिला. तिला नुसती भिंत दिसली. तिने टॅब डोक्यावर धरला, उड्या मारल्या, मग मला विचारलं, “बाबा, ते वरच राहतात का?” मी खाली बसलो. तिच्या डोळ्यांशेजारी माझे डोळे नेले आणि तिथे शंकू ठेवला. त्यानंतर दुपारभर ती त्याच्याभोवती फिरत होती. टॅब बाजूला करून तो खरोखर आहे का बघायची, पुन्हा टॅब धरायची. त्याच्या पोटातून हात आरपार घालायची आणि हात परत आला का ते तपासायची.

पुढच्या महिन्यात तिला ताप आला. हॉस्पिटलात तुम्ही आमच्याबरोबर होतात. डॉक्टरांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही, आपणही ठेवलं नाही. तरी गेली.

मी आठवड्याने ऑफिसला गेलो हे खरं आहे. घरात कुठे बघावं तेच कळत नव्हतं. जिथे नजर जाईल तिथे ती नाही, असं ते घर झालं होतं. ऑफिसात टॅब सुरू केला तर शंकू जागेवर होता, तिच्यासमोर असायचा तसाच. मला वाटलं, ती समोर उभी आहे. नाहीतर तो इतका खाली कशाला असता? हे कागदावर वेडगळ दिसतं. तेव्हा वाटलं नाही. मग मी रोज जायला लागलो.

कंपनीत सगळे सांगून थकले, की हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे, वर घ्या. मी तो आकडा उघडतो, त्याच्यावर बोट नेतो आणि बंद करतो. आकडा बदलला की ती जाईल असं वाटतं. एकदा गेलीच आहे. पण ते माझ्या हाताने झालं नव्हतं.

हे तुमच्या लेकीला सांगू नका. मी पोरीचं खेळणं करून शाळाशाळांतून वाटलं असं तिला वाटेल. मुलांना मी फार दिवस वाकवणार नाही. थोडा वेळ द्या.

जावई


५ ऑक्टोबर

चि. जावईबापू,

तुमचं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं. लगेच तास होता, तो घेतला. मुलांना सांगितलं, आज सगळ्यांनी गुडघे टेकायचे आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही. मीही टेकले. मला उठवायला दोन मुली लागल्या.

लहान मुलांचे गुडघे काही झिजत नाहीत. हवा तेवढा वेळ घ्या. मुख्याध्यापकांना मी सांगून टाकलं, की खाली बसून बघितल्याने एकाग्रता वाढते असं संशोधन आहे. त्यांनी ते फळ्यावर सुविचाराच्या जागी लिहिलं.

फरशीवरून मी बोलले ते बोलले. बाकीचं मागे घेते.

एक गोष्ट मीही तुमच्यापासून ठेवली होती. माझा खांदा धरतो, टॅब वाटणं आणि गोळा करणं होत नाही, म्हणून गेले दोन महिने लेक अधूनमधून वर्गात मदतीला येते. आधी नाहीच म्हणाली होती. पोरांच्या गर्दीत तिला गुदमरतं. पण माझा हात वर जात नाही हे तिने पाहिलं आणि आली. टॅब कुणाचे आहेत ते तिला ठाऊक आहे. मुलांच्या हातात देते, परत घेते, पुसून ठेवते. आत मात्र बघत नाही. एकदाही बघितलं नाही.

तिला मी काही सांगितलेलं नाही.

सासूबाई


२८ ऑक्टोबर

चि. जावईबापू,

तुमच्या उत्तराची वाट बघायला हवी होती, पण आता थांबता येत नाही. तिला कळलं. मी सांगितलं नाही, आपोआप कळलं.

आमच्या शिपाईबाईंची नात कधीमधी आजीचा पदर धरून शाळेत येते. ठिपकी गेली तेव्हा होती तेवढीच असेल, दिसायला अगदी वेगळी. परवा ती वर्गात शिरली. मुलं गुडघ्यांवर बसून शंकू बघत होती. ही मधोमध जाऊन उभी राहिली, एकीच्या हातातला टॅब घेतला आणि बघायला लागली. तिला वाकावं लागलं नाही, मान वर करावी लागली नाही. सगळी बसलेली आणि ही एकटी उभी, आणि तरी सगळ्यांची डोकी एका ओळीत.

लेक दाराशी टॅब पुसत होती. तिने त्या पोरीकडे बराच वेळ बघितलं. मग हातातला टॅब स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला आणि हळूहळू खाली बसत गेली, शंकू समोर येईपर्यंत. मला वाटलं, आता रडेल. ती उठली, टॅब बाकावर ठेवला आणि निघून गेली.

मी घरी पोहोचले तेव्हा ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला ठाऊक होतं.” मी हो म्हटलं आणि तुमचं पत्र पर्समधून काढून दिलं. तुम्ही नको म्हणाला होतात. पण झाकायला आता उरलं काय होतं? तिने हात पुसून वाचलं. माझी समजूत होती की हे वाचल्यावर तरी तिचा तुमच्यावरचा राग उतरेल. तसं झालं नाही. पत्राची घडी घालून ती म्हणाली,

“म्हणजे तो रोज तिला भेटत होता. एकटा. आणि मी घरात तिचे फ्रॉक मोजत बसले होते.”

आणि थोड्या वेळाने, “मला एकदा तरी बोलवायचं होतं.”

यावरचं उत्तर तुम्हाला सुचलं तर तिला लिहा. मला नको.

सासूबाई


६ नोव्हेंबर

ती. आई,

तिला लिहिलं. बरंचसं लिहून खोडलं, उरलं ते पाठवलं. तिच्याकडून काही आलेलं नाही. येईल अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्कही मला नाही.

तिला बोलवायला हवं होतं, हे खरंच आहे. माझ्या मनात आलंच नाही असं नाही. तिला दाखवलं आणि तिला तिथे नुसता शंकूच दिसला तर, याची भीती वाटायची. तिने ‘नाही’ म्हणून मान हलवली असती तर मलाही पुढे दिसलं नसतं.

इतर शाळांच्याही तक्रारी आल्या आहेत. महिन्याच्या शेवटी नवी आवृत्ती जाणार, उंची वाढवून. मी टाळलं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस करून टाकील, चहा पिता पिता. तसं नको. मीच करीन. पण त्याआधी तिने एकदा ते जसं आहे तसं बघावं असं वाटतं. या घरात ती येणार नाही. मी टॅब घेऊन तिकडे आलो तर भेटेल का? नको म्हणाली तर दारातून परत फिरेन. विचारून बघाल?

जावई


१३ नोव्हेंबर

चि. जावईबापू,

विचारलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “येताना माझा कोट आणायला सांग.”

रविवारी या. शाळेची किल्ली माझ्याकडे असते. घरी नको, शाळेतच. जेवून या. त्या दिवशी आमच्याकडे कुणाच्या घशाखाली काही उतरणार नाही.

सासूबाई


२४ नोव्हेंबर

ती. आई,

गाडी चुकेल म्हणून पायरीवर तुमच्याशी नीट बोललोही नाही. तुम्ही बाहेर बसला होतात. आत काय झालं ते तिने सांगितलं असेल किंवा नसेल, म्हणून लिहितो.

तिने बाकं आधीच भिंतीला लावून मध्ये जागा केली होती. कोट हातात घेतला आणि तिथेच अंगात घातला. माझ्याकडे बघितलं नाही. “सुरू कर,” म्हणाली. मी सुरू केलं. आम्ही दोघं गुडघे टेकून बसलो. टॅब एकच होता, एक कड तिने धरली, एक मी. तिला नुसता शंकू दिसतोय की आणखी काही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मग तिने विचारलं, पहिल्यांदा बघितला तेव्हा ठिपकी काय म्हणाली होती? मी सांगितलं, ‘ते वरच राहतात का.’ ती म्हणाली, ते नव्हे, त्यानंतर, शंकू दिसल्यावर. मला आठवेना. इतका काळ रोज त्याच्यासमोर बसत होतो आणि ते आठवेना. तिला आठवत होतं. ती तेव्हा आत कपडे पिळत होती, तिथून तिने ऐकलं होतं. ठिपकीने हाक मारली होती, “आई, ये ना, याला पाठ आहे.”

“आणि मी हात ओले आहेत म्हणून गेले नाही,” एवढं तिला बोलता आलं.

आई, ठिपकी गेल्यापासून आम्ही एकमेकांसमोर रडलो नव्हतो. एकाने रडायचं आणि दुसऱ्याने घट्ट राहायचं, असं न बोलता ठरून गेलं होतं, आणि मग घट्ट राहायची पाळी बहुतेक वेळा मीच घेऊन टाकली. त्या दिवशी कुणी पाळी लावली नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, “यंदा तिसरीत असती.” आणि मग, “वर कर.”

मी विचारलं, किती?

“तिसरीत असती तेवढं.”

मी आकडा उघडला आणि वाढवायला लागलो. शंकू हळूहळू वर जायला लागला आणि आम्हीही त्याच्याबरोबर गुडघ्यांवरून उठत गेलो, अर्धवट वाकलेले. एका जागी मी थांबलो. ती म्हणाली, अजून, तिची आजी उंच आहे. मी म्हटलं, पण ती जेवायची कुठे धड? ती म्हणाली, शाळेत जायला लागल्यावर जेवली असती, चार मुलांत बसलं की मुलं खातात. मी म्हटलं, माझ्याकडचे सगळे लहानखुरे, ती तशीच राहिली असती. ती म्हणाली, तुला काय माहीत, मुली या वयात एकदम ताडमाड होतात. आमचा वाद झाला. खरा वाद, आवाज चढवून. तुम्ही बाहेर ऐकलात आणि दार ढकलून डोकावलात, तो हाच. आम्ही भांडतोय असं तुम्हाला वाटलं. भांडतच होतो.

शेवटी तिने माझा हात बाजूला केला, स्वतःच्या बोटाने तो आणखी थोडा वर नेला आणि म्हणाली, “इथे.” मी ते तसंच ठेवलं. आता सगळ्या शाळांना तीच उंची जाईल.

टॅब बंद केल्यावर मी विचारलं, घरी येतेस का? ती म्हणाली, “त्या घरात नाही.” दुसरं बघू का, म्हटलं. “आत्ता काही बघू नकोस.” मग ती बाकं जागेवर लावायला लागली. मी दुसऱ्या बाजूने धरली.

एवढंच झालं. ऑफिसात जातो. आता तिथे नुसतं काम असतं.

जावई


१९ डिसेंबर

चि. जावईबापू,

नवी आवृत्ती आली. मुलं उभी राहून बघतात. कुणी काही विचारलं नाही. मुलांना बदल पचायला एक मधली सुट्टी पुरते. मुख्याध्यापकांनी मात्र फळ्यावरचा सुविचार पुसून ‘ताठ उभे राहिल्याने एकाग्रता वाढते’ असं लिहिलं आहे.

तुम्ही मला लिहिलेलं पत्र मी लेकीला दिलं. पाकिटावर माझं नाव होतं, पण आतलं माझं नव्हतं. वादाचं वाचून ती म्हणाली, “उंचच झाली असती.” मग पत्र स्वतःच्या कपाटात ठेवलं.

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही, तुम्हाला आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. पूर्वी नुसती गप्प असायची. आता रडते. कपड्यांच्या घड्या घालताना रडते, चांगली बोलत असताना मध्येच रडते. शेजारीण विचारत होती, पुन्हा काही झालं का? मी म्हटलं, नाही हो, तेच आहे.

वर्गात येते. टॅबमध्ये बघते आणि मुलांना समजावतेही, माझ्यापेक्षा बरं. गेल्या आठवड्यात तिने मुलांना दोघादोघांच्या जोड्यांत उभं केलं, एका टॅबला एक जोडी. एक मुलगी उरली. तिची जोडी कुठे बसवावी म्हणून लेक इकडेतिकडे बघत राहिली, आणि मग स्वतःच तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. टॅबची एक कड धरून. मी तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघत होते.

ती परत येईल का, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाचता येतं. मला माहीत नाही. जन्मभर गणित शिकवलं. ज्यांची उत्तरं मागच्या पानावर असतात तीच गणितं मला येतात. एवढं सांगते, काल जेवताना तिने विचारलं, “तो वाळलाय ना ग?” मी म्हटलं, मला काय विचारतेस, त्याला विचार.

आज सकाळपासून ती कागद घेऊन बसली आहे. पडद्याच्या अलीकडे मी हे लिहिते आहे, पलीकडे तिचं पेन चालतं, थांबतं, मग कागद फाटल्याचा आवाज येतो. अजून पाकीट मागितलेलं नाही. वाट बघू नका, असं तुम्हाला लिहिणार होते. लिहवत नाही.

सासूबाई